समुद्राचा फुगवटा

मुक्ताईनगर तालुक्यातले एक गाव. रात्रीचा वर्ग भरला होता. बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत शब्द लिहिला: वादळ.

नाना म्हणाले, "बाई, आपण तापी-पूर्णेच्या काठची माणसं. समुद्र इथून किती लांब! समुद्रावरच्या वादळाचा धडा आपल्याला कशाला?"

बाई म्हणाल्या, "नाना, तुमचा धाकटा मुलगा कुठं असतो?"

"सुरतेजवळ. हजीऱ्याला कामाला आहे."

"हजीरा तापीच्या मुखाशी आहे. आपली तापी तिथंच समुद्राला मिळते. मग हा धडा तुमच्या घरचाच झाला की!"

नाना सावरून बसले.

पाणी कसे चढते?

बाईंनी एक परात आणली. तिच्यात पाणी ओतले. म्हणाल्या, "नाना, हातानं पाणी समोरच्या कडेकडे लोटा."

नानांनी पाणी लोटले. ते कडेला चढले आणि बाहेर सांडले.

"समुद्रातही असंच होतं," बाई म्हणाल्या. "चक्रीवादळाचा वारा फार जोराचा. तो समुद्राचं पाणी किनाऱ्याकडे रेटतो. किनाऱ्याजवळ समुद्र उथळ असतो. पाण्याला खाली जायला जागा नसते. मग ते वर चढतं आणि जमिनीवर येतं. वादळाच्या पोटात हवेचा दाबही कमी असतो, त्यानंही पाणी थोडं उचललं जातं. त्याच वेळी भरती असली, तर पाणी आणखी चढतं."

नाना म्हणाले, "म्हणजे हतनूरच्या धरणासारखं. धरण भरलं की पूर्णेच्या पात्रात फुगवटा चढतो."

"बरोबर. हा समुद्राचा फुगवटा. पण धरणाचा फुगवटा हळूहळू चढतो. हा काही तासांत चढतो. वर पुन्हा मोठमोठ्या लाटा असतात. लाट येते आणि मागं जाते. फुगवटा मात्र गावात शिरून काही तास तसाच राहतो."

पाण्याचे वजनही मोठे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशा हौदातले पाणी १,००० किलो भरते. म्हणजे दहा क्विंटल. असे पाणी वेगाने अंगावर आले, तर कुडाची भिंत टिकत नाही. माणूसही उभा राहू शकत नाही. वाऱ्याने छप्पर जाते. पाण्याने माणूस जातो.

घडलेल्या गोष्टी

९ जून १९९८. गुजरातच्या किनाऱ्यावर मोठे वादळ आले. कांडला बंदराजवळची जमीन सखल आहे. तिथे मिठागरे आहेत. मिठागरांत आणि बंदरात राबणारे मजूर खोपट्यांत राहत. कित्येक जण पोटासाठी दुसऱ्या मुलखातून आलेले. समुद्र चढून आला. खोपटी माणसांसकट वाहून गेली. त्या वादळात हजारावर माणसे दगावली.

२९ ऑक्टोबर १९९९. ओडिशाच्या किनाऱ्यावर त्याहून मोठे वादळ आले. समुद्र पाच-सहा मीटर चढला. सुमारे १०,००० माणसे मेली.

त्यातून लोक शिकले. किनाऱ्यावर पक्क्या, उंच निवारा-इमारती बांधल्या. गावोगाव इशारा पोचवण्याची सोय केली. १२ ऑक्टोबर २०१३ ला ओडिशात पुन्हा भयंकर वादळ आले. त्याचे नाव फायलीन. ते १९९९ च्या वादळाइतके जोराचे नव्हते, हे खरे. पण या वेळी लाखो माणसांना आधीच हलवले होते. मेलेल्यांची संख्या शंभराच्या आत राहिली.

आपल्या महाराष्ट्रातही ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ आले. ते रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. घरांचे पत्रे उडाले. पण किनाऱ्यावरची हजारो माणसे आधीच सुरक्षित जागी गेली होती. पुढे तेच वादळ मवाळ होत उत्तर महाराष्ट्रावरून मध्य प्रदेशाकडे गेले.

वेळेवर निघावे

नाना म्हणाले, "आमच्याकडंही पुराची दवंडी होते. तरी एखादा म्हणतोच, पाणी उंबऱ्याला लागू द्या, मग निघू."

बाई म्हणाल्या, "समुद्र तेवढा वेळ देत नाही, नाना. पाणी दिसलं तेव्हा रस्ता बुडालेला असतो. म्हणून पाणी बघून निघायचं नाही. इशारा ऐकून निघायचं."

लक्षात ठेवा

१. इशारा झाला की सखल जागा सोडावी. उंचावरच्या पक्क्या इमारतीत जावे.

२. कागदपत्रे, औषधे आणि पिण्याचे पाणी बरोबर घ्यावे. बाकी सामानाचा मोह धरू नये.

३. गुरांची दावी सोडावी. बांधलेले जनावर बुडते.

४. लाटा बघायला किनाऱ्यावर जाऊ नये.

५. वादळाच्या मध्यभागी वारा अचानक पडतो. वादळ गेले असे वाटते. थोड्या वेळाने वारा उलट बाजूने सुटतो. सांगितल्याशिवाय बाहेर पडू नये.

नानांचे पत्र

वर्ग सुटला. नाना बसून राहिले. त्यांनी पाटीवर आधी गिरवून पाहिले. मग कागदावर लिहिले:

"चिरंजीवास आशीर्वाद. वादळाचा इशारा झाला तर खोलीवर थांबू नको. सामान गेलं तर जाऊ दे. सामान पुन्हा घेता येतं. शेजारच्या मजुरांनाही सांग. तुझे वडील."

नानांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले हे पहिलेच पत्र.

प्रश्न

१. समुद्राचे पाणी जमिनीवर कसे चढते?

२. ओडिशात २०१३ साली माणसे कशामुळे वाचली?

३. तुमचे कोणी समुद्रकाठी राहते का? त्यांना चार ओळींचे पत्र लिहा.