एका सेकंदात मावणारा प्रश्न

कोल्हापूर

चि. अनिकेत,

अल्पगुरुत्वात द्रवावर सत्ता चालते ती पृष्ठताणाची. जमिनीवर पाण्याच्या बाबतीत पृष्ठताण आणि गुरुत्व यांची बरोबरी सुमारे २.७ मिलिमीटरला होते. त्याहून बऱ्याच रुंद भांड्यात पाणी निमूट तळाशी बसते. गुरुत्व दशलक्षांशावर आले की हीच मर्यादा हजारपट होऊन पावणेतीन मीटरवर जाते. उपग्रहाच्या टाकीतले इंधन मग भिंतींना चिकटते, कोपऱ्यांत शिरते, आणि इंजिन पेटवताना तोटीशी द्रव आहे की वायू याचा भरवसा राहत नाही. म्हणून टाकीत पातळ पत्र्याचे पंख आणि बारीक जाळ्या बसवतात. त्यांच्या आधाराने द्रव तोटीपाशी धरून ठेवला जातो.

पॉल कॉन्कस आणि रॉबर्ट फिन यांनी १९६९ मध्ये याचा एक नेमका नियम मांडला. कोपऱ्याचा अर्धा कोन आणि द्रवाचा भिंतीशी होणारा स्पर्शकोन यांची बेरीज ९० अंशांहून कमी असेल, तर गुरुत्व नसताना द्रव त्या कोपऱ्यातून चढतच राहतो. अंतराळवीर डॉन पेटिट यांनी २००८ मध्ये अवकाशस्थानकात प्लॅस्टिकचा तुकडा दुमडून असाच टोकदार कोपऱ्याचा पेला केला. कॉफी आपसूक ओठांपर्यंत आली. गंमत वाटते, पण टाकीतले पंख याच तत्त्वावर चालतात.

अल्पगुरुत्व जमिनीवरच मिळवायचे, तर पदव्युत्तर विद्यार्थ्याने आरंभ मुक्त पतनापासून करावा. पतनाचा काळ उंचीच्या वर्गमुळाने वाढतो: ५ मीटरला एक सेकंद, दोन सेकंदांना मात्र २० मीटर. जर्मनीत ब्रेमेनच्या मनोऱ्यात ११० मीटर पडूनही ४.७ सेकंदच मिळतात. आयआयटी मद्रासच्या मनोऱ्यात अडीच. उंची महाग असते, म्हणून प्रश्नच एका सेकंदात मावेल असा निवडावा. त्याचा हिशेब सोपा आहे. घनता गुणिले त्रिज्येचा घन, भागिले पृष्ठताण, आणि त्याचे वर्गमूळ: एवढ्या वेळात द्रवाचा पृष्ठभाग नवा आकार घेऊ लागतो. एक सेंटिमीटर त्रिज्येच्या भांड्यातल्या पाण्याला सुमारे ०.१२ सेकंद लागतात, पाच सेंटिमीटरच्या भांड्याला १.३. पहिला प्रयोग जिन्याच्या उंचीत होतो, दुसरा होत नाही. हे आकडे न मांडता लिहिलेला प्रस्ताव कितीही सुबक असला तरी मार्गदर्शकाने परत करावा.

यंत्राच्या बाबतीत कोल्हापूरचा विद्यार्थी नशीबवान आहे. शिवाजी उद्यमनगरात ओतकामापासून लेथवरच्या कामापर्यंत सगळे हाताशी आहे. आराखडा कागदावर नीट काढून, मापांसह घेऊन जावे, तोंडी सांगू नये. प्रयोगाचे भांडे आणि कॅमेरा ठेवलेली पेटी उघडी टाकण्यात अर्थ नाही. ३० सेंटिमीटर बाजूची, २० किलोची पेटी पाच मीटर पडेपर्यंत हवेचा अडथळा तिला सुमारे तीन टक्के गुरुत्व परत देतो. म्हणून पेटीभोवती दुसरी, मोठी पेटी कवच म्हणून हवी. बाहेरची पेटी हवा कापते, आतली निवांत पडते. सोडण्याची रीतही महत्त्वाची. झटक्याने सुटणारा आकडा द्रव आधीच हलवून ठेवतो. दोरा कापून सोडलेली पेटी शांत सुटते. खाली अर्धा मीटर जाडीचा फोम असला तरी थांबताना सरासरी दहापट गुरुत्वाचा धक्का बसतोच, तेव्हा कॅमेरा घट्ट बांधावा. सेकंदाला २४० चित्रे टिपणारा मोबाईल सुरुवातीला पुरतो.

द्रव म्हणून पाणी टाळावे. बोटाचा तेलकटपणा लागला तरी त्याचा पृष्ठताण आणि स्पर्शकोन बदलतो. सिलिकॉन तेल स्वच्छ राहते आणि ॲक्रिलिकवर जवळजवळ शून्य स्पर्शकोनाने पसरते.

पतनाची सोय उभी राहीपर्यंत टेबलावरही काम होते. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या जोसेफ प्लाटो यांनी तेलाचा थेंब तेवढ्याच घनतेच्या पाणी-मद्यार्क मिश्रणात तरंगत ठेवला आणि गुरुत्वाचा परिणाम पुसून टाकला. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात मद्यार्काला तोटा नाही, पण त्यामागे परवान्याचे कागद येतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरून तो खटाटोप टळतो. या पद्धतीने स्थिर आकार खरे मिळतात, गती मात्र खरी मिळत नाही, कारण थेंबासोबत बाहेरचा द्रवही ढकलावा लागतो. प्रबंधात हा फरक स्पष्ट लिहावा.

तास किंवा दिवस लागणारे प्रश्न कक्षेतच सुटतात. विद्यार्थ्यांनी कक्षेपर्यंत पोहोचणे आता नवलाईचे नाही: पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा सुमारे एक किलोचा उपग्रह ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी आणि आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ त्याच वर्षी २६ सप्टेंबरला पीएसएलव्ही अग्निबाणावरून गेला. आता स्वतंत्र उपग्रह बांधण्याचीही गरज नाही. पीएसएलव्हीचा शेवटचा टप्पा ‘पोएम’ नावाने कक्षेत राहतो आणि त्यावर संस्थांची उपकरणे बसवता येतात. ३० डिसेंबर २०२४ च्या उड्डाणातल्या ‘पोएम-४’ वर चवळीचे बी रुजले. तिथे हात लावायला कोणी नसते: द्रव भरणे, सोडणे, चित्र टिपणे आणि ते जमिनीवर पाठवणे सगळे आपोआप व्हावे लागते. त्यामुळे पतनपेटीतही बटण दाबायला माणूस लागणार नाही, अशीच रचना पहिल्यापासून करावी.

तुझा काका