‘सरफिरा’ का आपटला? – एका चरित्रपटावरून कारणमीमांसेचा पाठ



आठवी ते दहावीच्या मुलांना मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ लिहायचं असतं. ‘असे का घडले असावे, तुमचे मत लिहा’ असा प्रश्न आला की बहुतेक मुलं एकच कारण लिहून मोकळी होतात. पहिलं सुचलेलं कारण हेच खरं कारण, असं त्यांना वाटतं. ही सवय मोडायला मुलांच्या आवडीचा विषय घेतलेला बरा, म्हणून हा पाठ सिनेमावर बेतला आहे. दोन तासिकांत होतो. पुस्तक लागत नाही, फळा आणि खडू पुरतो.

विषय आहे १२ जुलै २०२४ ला प्रदर्शित झालेला ‘सरफिरा’ हा हिंदी चित्रपट. सर्वसामान्यांना परवडेल अशी विमान कंपनी काढणाऱ्या एका उद्योजकाची ही गोष्ट. नायक वीर म्हात्रे, म्हणजे मराठी माणूस. भूमिका अक्षय कुमारची आणि दिग्दर्शन सुधा कोंगरा यांचं. पहिल्या दिवसाची देशातली कमाई जेमतेम अडीच कोटी रुपये झाली आणि जगभरातली एकूण कमाई तीस कोटींच्या आसपास थांबली. मध्येच एका मोठ्या मल्टिप्लेक्स साखळीने तिकिटावर दोन समोसे आणि चहा मोफत देऊन पाहिला, तरी गर्दी झाली नाही.

आधी खरा माणूस

सिनेमामागचा खरा माणूस म्हणजे कॅप्टन जी. आर. गोपीनाथ. कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातल्या गोरूर गावचे. वडील शिक्षक. विजापूरची सैनिक शाळा, मग आपल्या पुण्याजवळची खडकवासल्याची एनडीए, मग लष्करात अधिकारी. १९७१ च्या युद्धात ते होते. तिशीच्या आत लष्कर सोडून शेती आणि रेशीम उद्योग केला. पुढे हेलिकॉप्टर कंपनी काढली आणि २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू केली.

तिकीट स्वस्त करायला त्यांनी जादू केली नव्हती, खर्च कापला होता. विमानात एकच वर्ग ठेवला, फुकट जेवण बंद केलं, लहान गावांसाठी लहान एटीआर विमानं घेतली, तिकीटविक्री इंटरनेटवर नेली. काही तिकिटं तर एक रुपयात विकली. कंपनीची ओळख म्हणून आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ निवडला.

सिनेमात मात्र नायक हवाई दलातला दाखवलाय. गोपीनाथ भूदलातले. मूळ तमिळ चित्रपट आला तेव्हा गोपीनाथ यांनीच सांगितलं होतं की त्यात बरंचसं काल्पनिक आहे, पण आपल्या पुस्तकाचा गाभा उतरला आहे. मुलांना फळ्यावर दोन रकाने आखायला सांगा, ‘घडलेलं’ आणि ‘रचलेलं’. चरित्र आणि चरित्रपट यांतला फरक पाच मिनिटांत कळतो.

कारणं गोळा करा, मग तपासा

आता वर्गाला विचारा, सिनेमा का चालला नसेल? येतील ती सगळी उत्तरं फळ्यावर घ्या, एकही खोडू नका. मग प्रत्येक उत्तराला एकच प्रश्न लावा: हे कारण खरं असेल, तर दुसऱ्या ठिकाणीही तसंच घडलंय का?

*१) ‘अक्षय कुमारचे पिक्चर आता चालत नाहीत.’* अंशतः खरं. २०२३ चा ‘मिशन रानीगंज’ हाही खऱ्या माणसावरचाच सिनेमा होता, तोही चालला नाही. एप्रिल २०२४ चा ‘बडे मियां छोटे मियां’ तर मोठ्या खर्चाचा, तोही पडला. पण ऑगस्ट २०२३ मध्ये ‘ओएमजी २’ चांगला चालला होता. त्यात अक्षय कुमार होता, पण मुख्य भार पंकज त्रिपाठीवर होता. म्हणजे फक्त नटाचं नाव हे पूर्ण उत्तर नाही. नटावरचा विश्वास कमी झाला की लोक ‘आधी बाकीचे काय म्हणतात बघू’ असं म्हणून थांबतात, इतकंच म्हणता येईल.

*२) ‘चरित्रपट कंटाळवाणे असतात.’* हे टिकत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला ‘ट्वेल्थ फेल’ आठवा. महाराष्ट्र केडरचे आयपीएस अधिकारी मनोजकुमार शर्मा यांच्यावरचा. मोठा स्टार नाही, खर्च बेताचा, तरी लोकांनी एकमेकांना सांगून तो आठवडेच्या आठवडे चालवला. बारावीत नापास होणं, स्पर्धा परीक्षेसाठी शहरात खोली घेणं, घरून येणाऱ्या पैशांची वाट बघणं, हे घराघरांतलं आहे. विमान कंपनी काढणं हे घराघरांतलं नाही.

*३) ‘लोकांनी ती गोष्ट आधीच पाहिली होती.’* हे वजनदार कारण आहे. ‘सरफिरा’ हा ‘सूरराई पोट्रु’ या तमिळ चित्रपटाचा रिमेक, दिग्दर्शिकाही तीच. मूळ चित्रपट नोव्हेंबर २०२० मध्ये कोरोनाच्या काळात थेट प्राइम व्हिडिओवर आला. पुढे ‘उडान’ नावाने तो हिंदीतही आला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, त्यामुळे ज्यांनी पाहिला नव्हता त्यांनीही शोधून पाहिला. तीच गोष्ट घरी मोबाईलवर दिसत असताना पैसे मोजून बाहेर का जायचं?

पण इथेही प्रश्न लावाच. ‘दृश्यम २’ सुद्धा रिमेक. मूळ मल्याळम चित्रपट फेब्रुवारी २०२१ मध्ये प्राइम व्हिडिओवर आलेला होता. तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये हिंदी ‘दृश्यम २’ने दोनशे कोटींच्या वर कमाई केली! मग फरक काय? हिंदी प्रेक्षकाने २०१५ चा पहिला भाग पाहिलेला होता. पुढे काय होतं ही ओढ सात वर्षं साठलेली होती. ‘सरफिरा’साठी अशी ओढ नव्हती. म्हणजे ‘आधी पाहिलं’ हे कारण एकटं पुरत नाही. ‘आधी पाहिलं आणि पुन्हा बघायला नवं निमित्त मिळालं नाही’ असं पूर्ण वाक्य लिहावं लागतं. हा टप्पा मुलांकडून नक्की करून घ्या, पाठाचा जीव इथे आहे.

*४) ‘त्याच वेळी दुसरे पिक्चर होते.’* ‘कल्कि २८९८ एडी’ २७ जूनला आला होता आणि जोरात चालू होता. कमल हासनचा ‘इंडियन २’ तर त्याच दिवशी आला. पण ‘इंडियन २’ स्वतःच अपेक्षेपेक्षा फार कमी चालला, म्हणजे सगळी गर्दी त्याने पळवली असं म्हणता येत नाही.

*५) ‘यशस्वी माणसाचा शेवट माहीतच असतो.’* यासाठी जरा बाहेर बघू. ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्सवर २०१५ मध्ये डॅनी बॉयल यांनी चित्रपट केला. समीक्षकांनी कौतुक केलं. सुरुवातीला मोजक्या थिएटरांत गर्दी झाली, पण देशभर लावला तेव्हा लोक आलेच नाहीत आणि दोन आठवड्यांत बहुतेक थिएटरांतून उतरवावा लागला. निर्मितीखर्च ३ कोटी डॉलर, जगभरातली कमाई ३.४ कोटी डॉलरच्या आसपास. जॉब्सवर २०१३ मध्ये एक चित्रपट येऊन गेला होता, जाडजूड चरित्र लाखोंनी वाचलेलं होतं. उलट फेसबुकच्या संस्थापकावरचा ‘द सोशल नेटवर्क’ २०१० मध्ये चार कोटी डॉलरमध्ये झाला आणि बावीस कोटींहून जास्त मिळवून गेला. तिथेही शेवट माहीतच होता. पण तो सिनेमा कंपनीपेक्षा मित्रामित्रांत पडलेल्या फुटीचा होता. कंपनी काढलेली नसली तरी मैत्री तुटल्याचा अनुभव प्रत्येकाकडे असतो.

‘सरफिरा’तही असा एक प्रसंग आहे. वडील शेवटच्या घटका मोजतायत, विमानाच्या तिकिटाला पैसे कमी पडतायत आणि मुलगा विमानतळावर लोकांपुढे हात पसरतो. हा प्रसंग कुणालाही भिडतो. अडचण अशी की अनेकांनी तो तमिळमध्ये, सूर्याच्या अभिनयात, आधीच पाहिला होता.

थोडं गणित

कमाईचा आकडा म्हणजे नफा नव्हे, हे मुलांना गणितातून दाखवा. २०२४ मध्ये शंभर रुपयांपेक्षा महाग तिकिटावर १८ टक्के जीएसटी होता. ११८ रुपयांचं तिकीट धरा. १८ रुपये कर गेला. उरले १००. त्यातले साधारण निम्मे चित्रपटगृहाचे. निर्मात्याकडे पोहोचले पन्नासच्या आसपास. मग तीस कोटींची एकूण कमाई म्हणजे निर्मात्याच्या हातात किती, हे मुलांनाच काढू द्या. टीव्ही आणि ओटीटीचे हक्क वेगळे विकले जातात, हेही सांगा. म्हणजे ‘थिएटरात पडला’ आणि ‘सगळे पैसे बुडाले’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

आणखी एक हिशोब आपल्या जिल्ह्याचा. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या एखाद्या घराला नवा सिनेमा पडद्यावर बघायचा तर घाट उतरून नंदुरबार गाठायचं, नाहीतर थेट सुरत. चार माणसांचं एसटीभाडं, खाणंपिणं, तिकीट आणि बुडालेली मजुरी, हे मुलांना आपापल्या गावापासून मांडायला लावा. तिकीट स्वस्त केल्याशिवाय साधा माणूस विमानात चढणार नाही, हेच तर गोपीनाथांनी ओळखलं होतं. त्यांच्यावरचा सिनेमा मात्र अशा घरांपर्यंत परवडेल अशा भावात पोहोचला नाही. हे सिनेमा पडण्याचं मोठं कारण होतं असं मी म्हणणार नाही, पण आपल्या मुलांना विचार करायला लावणारं नक्कीच आहे.

माझं स्वमत

‘सरफिरा’ वाईट होता म्हणून पडला नाही. पाहिलेल्या अनेकांनी तो चांगलाच म्हटला. गोष्ट घरोघरी पोहोचलेली, नव्याने बघायला निमित्त नाही आणि नटावरचा विश्वास डळमळीत, ही तीन कारणं एकत्र आली. यातलं एखादं नसतं, तर चित्र वेगळं दिसलं असतं. तुमच्या वर्गाने वेगळा क्रम लावला तरी चालेल, फक्त प्रत्येक कारणाला पुरावा हवा.

सिनेमा संपतो त्यानंतर

शेवटची पंधरा मिनिटं यासाठी राखून ठेवा. सिनेमा यशावर थांबतो, पण आयुष्य पुढे गेलं. एअर डेक्कन वाढली तसा तोटाही वाढला. २००७ मध्ये मोठा हिस्सा विजय मल्ल्यांच्या कंपनीकडे गेला, एअर डेक्कन किंगफिशरमध्ये विलीन झाली आणि २०१२ मध्ये किंगफिशरची विमानंही जमिनीवर आली. गोपीनाथांनी पुन्हा एअर डेक्कन नावाने सुरुवात केली. डिसेंबर २०१७ मध्ये उडान योजनेखाली नाशिकहून आणि आपल्या खानदेशातल्या जळगावहून त्यांची छोटी विमानं उडाली. २०२० मध्ये कोरोनात तीही सेवा थांबली.

आता वर्गाला विचारा: हा माणूस ‘पास’ की ‘नापास’? उत्तराची घाई करू नका. कंपनी दोनदा बंद पडली. पण स्वस्त तिकिटाची वाट त्यांनी दाखवली आणि स्पाइसजेट, इंडिगो यांसारख्या कंपन्या त्याच वाटेने पुढे गेल्या. आज सुरत किंवा मुंबईहून पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या आपल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या तिकिटात त्या धडपडीचा वाटा आहे.

पालकांनाही एक विनंती. दहावीचा निकाल लागला की घरात आपण एकच कारण काढतो: ‘मोबाईलमुळे’, ‘लक्षच नाही’. कधी रोजचा दहा किलोमीटरचा प्रवास असतो, कधी घरची भाषा पावरी, मावची किंवा अहिराणी आणि पुस्तकाची भाषा वेगळी असते, कधी उसतोडीच्या स्थलांतरात शाळेचे महिने गेलेले असतात. सिनेमाला जो प्रश्न लावला, तोच मुलाच्या गुणपत्रिकेलाही लावा. कारण बरोबर सापडलं तरच उपाय बरोबर करता येतो.

घरचा अभ्यास

१) तुमच्या आवडीचा एक न चाललेला चित्रपट निवडा. तीन कारणं लिहा आणि प्रत्येक कारण दुसऱ्या चित्रपटावर तपासा.
२) ‘हे कारण एकटे पुरत नाही, कारण...’ अशी सुरुवात करून पाच वाक्यं लिहा.
३) तुमच्या गावात कुणी सुरू केलेला आणि नंतर बंद पडलेला उद्योग, दुकान किंवा गिरणी शोधा. त्या व्यक्तीला भेटून विचारा, तो का बंद पडला आणि त्यातून काय शिल्लक राहिलं. दहा ओळीत लिहा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वर्गात मोठ्याने वाचून घ्या. आपल्या वर्गात कोण राहतं आणि कुठल्या घरातून येतं, हे त्या दहा ओळींतून आपल्यालाही नव्याने कळतं.