घाई कुठे, सवड कुठे?

माणसाने सारखे धावावे, की निवांत जगावे? आपण शेतकरी माणसे. आपल्या शाळू ज्वारीकडे पाहू या.

सप्टेंबर-ऑक्टोबरात रानाला वाफसा येतो. तेव्हा बसून चालत नाही. ओल उडाली की बी नीट उगवत नाही. तिफण असो की ट्रॅक्टर, पेरणी उरकावीच लागते.

पेरणी झाली की ज्वारी आपल्या चालीने वाढते. तिला सुमारे 4 महिने लागतात. आपण बांधावर कितीही येरझारा घातल्या, तरी कणीस लवकर भरत नाही.

थंडीत कणसे हुरड्यात येतात. हुरडा थोडेच दिवस टिकतो. मग दाणा टणक होतो. तेवढ्यात आगटीभोवती बसलो नाही, तर त्या साली हुरडा हुकलाच.

घरातली पोरेही तशीच. त्यांचे बोबडे बोल थोडेच दिवस ऐकायला मिळतात. “काम आहे, मग बघू,” असे आपण म्हणतो. तोवर पोर मोठे होते.

कर्ज असते, कामे असतात. धावावे तर लागतेच. पण वाफशाची घाई बारा महिने कशाला? आज दिवेलागणीला घटकाभर पोरांजवळ बसू या. उद्याचे काम उद्या पहाटे आहेच.