ई ला एक टिंब, क्यू ला चार खुणा: असे का?

प्रश्न : इंग्रजी शब्द मोर्समध्ये लिहिताना अक्षरांच्या खुणा एवढ्या लहानमोठ्या का? एबीसीडीच्या क्रमाने का लावल्या नाहीत?

उत्तर : कारण या लिपीत जागा नव्हे, वेळ वाचवायचा होता. सॅम्युअल मोर्स यांचे सहकारी आल्फ्रेड व्हेल यांनी छापखान्यातल्या खिळ्यांवरून कोणते अक्षर किती लागते याचा अंदाज घेतला, असे सांगतात. ई सर्वांत जास्त लागतो, म्हणून त्याला नुसते टिंब. टी ला एक रेघ. टिंबाची एक मात्रा धरली तर रेघेच्या तीन, अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एक, दोन अक्षरांमध्ये तीन आणि दोन शब्दांमध्ये सात मात्रांचा विराम. या हिशेबाने टी-ई-एन हा शब्द 15 मात्रांत संपतो, तर तेवढ्याच अक्षरांच्या जे-ओ-वाय ला 43 लागतात! म्हणून शब्द उतरवताना विराम गाळू नका. ई आणि टी चिकटले की त्यांचा ए होतो.

यावर रास्त आक्षेप असा की ओ तर सतत लागतो, मग त्याला तीन रेघा, म्हणजे 11 मात्रा, का? मूळ अमेरिकी लिपीत ओ म्हणजे टिंब, छोटा विराम, टिंब इतकेच होते. पण अक्षराच्या पोटातला तो विराम घोटाळा करी. लांब समुद्री तारांवर तर फारच. आंतरराष्ट्रीय लिपीने असे विराम काढून टाकले आणि थोडा वेग देऊन स्पष्टता घेतली. माझ्या मते सौदा योग्यच होता, कारण चुकलेली तार पुन्हा पाठवण्यात याहून जास्त वेळ जाई.