पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका

नगरपरिषदेत काम अडले की आपण नळासाठी पाणीपुरवठ्याकडे आणि रस्त्यासाठी बांधकाम विभागाकडे धावतो. आवक-जावक, आस्थापना, अभिलेख सांभाळणाऱ्या सामान्य प्रशासनाकडे कुणाचे लक्ष नसते. अडलेली प्रकरणे पाहत आल्यावर माझे मत मात्र असे झाले आहे, की कित्येक अर्ज संबंधित विभागात नाकारले जात नाहीत. ते तिथवर जातच नाहीत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 अधिसूचित सेवांना मुदत घालून देतो. माहिती अधिकारात ती 30 दिवसांची आहे. दोन्हीकडे दिवस मोजायचे ते अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून. ती तारीख दाखवता आली नाही, तर अपिलात तुमची बाजू कितीही खरी असो, लंगडीच पडते.

म्हणून पोच नीट पाहून घ्यावी. नुसता गोल शिक्का पुरेसा नाही. आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही, तिन्ही तुमच्या प्रतीवर हवीत. जोडलेल्या कागदांची यादी अर्जाखाली ‘सोबत’ म्हणून लिहावी, म्हणजे पुढे ‘पावती जोडलेलीच नव्हती’ हे उत्तर चालत नाही. एका अर्जात एकच विषय ठेवावा. गटार आणि घरपट्टी एकाच कागदावर लिहिलीत, तर आवक क्रमांक एकच पडतो, कागद एकाच टेबलावर जातो आणि दुसऱ्या तक्रारीला वाली उरत नाही.

यावर कुणी म्हणेल, नगरसेवकाच्या एका फोनने काम होते, मग हा खटाटोप कशाला? फोनने काम होतेही. पण मुख्याधिकारी बदलून जातात, नगरसेवकाची मुदत संपते आणि नव्या माणसापुढे फक्त फाईल येते. घरपट्टीच्या आकारणीवरची हरकत तर नोटिशीतल्या मुदतीतच नोंदवावी लागते. तोंडी दिलासा तिथे उपयोगाचा नाही. दुसरा आक्षेप असा, की आता सगळे ऑनलाइन आहे. अधिसूचित सेवांपुरते ते बरेचसे खरे, पण हरकती, निवेदने, तक्रारी आजही कागदावर येतात; आणि ऑनलाइन अर्जाचाही क्रमांक जपावाच लागतो. पोच मागितली की कर्मचारी दुखावतो, असेही म्हणतात. अपुऱ्या माणसांत काम ओढणाऱ्या लिपिकाची अडचण मला मान्य आहे. पण कागद पुढच्या टेबलावर गहाळ झाला, तर आपण तो घेऊन पुढे पाठवला हे त्यालाही त्याच नोंदीवरून दाखवता येते.

मुदत उलटूनही उत्तर आले नाही, तर हेलपाटे घालू नयेत. आवक क्रमांक लिहून, त्या अर्जावरील टिप्पणीची आणि शेऱ्यांची प्रत माहिती अधिकारात मागावी; अर्जाचे शुल्क 10 रुपये. अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस पडून राहिला, हे त्या प्रतीवरून कळते, आणि पुढचे स्मरणपत्र नेमके कुणाच्या नावे लिहायचे तेही ठरते.