साडेअठराशे रुपये सोडू नकोस

करोलबाग, नवी दिल्ली

चि. मिहिर यास,


परवा रात्री तू फोनवर जे सांगितलंस ते अजून मनातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. लिहिलेलं तुला पुन्हा काढून वाचता येईल, आणि या प्रकरणात यापुढे तुलाही बोलण्यापेक्षा लिहायचंच जास्त आहे.

गुरुग्रामचं घर सोडून तू नोएडाला आलास, जुनं ब्रॉडबँड बंद करा म्हणून कंपनीला वेळेवर कळवलंस. राउटर न्यायला कोणी आलं नाही. मग राउटर परत केला नाही म्हणून दंड, नोटिशीच्या काळाचं भाडं, आणि कशाचा ते कोणालाच सांगता न आलेला एक 'प्रोसेसिंग चार्ज' असं सगळं कापून तुझं डिपॉझिट शून्यावर आणलं. कस्टमर केअरला विचारलंस तर दर वेळी नवा माणूस, दर वेळी नवं उत्तर. शेवटी तू ओरडलास आणि फोन कट झाला. हे सगळं वाईटच. पण मला जास्त लागलं ते तुझं शेवटचं वाक्य: "जाऊ दे आत्या, साडेअठराशे रुपयांसाठी किती डोकं लावायचं!"

मिहिर, तुझ्यासारख्याने हे म्हणावं यावरच तर हा सगळा कारभार चालतो. रक्कम अशी असते की तिच्यासाठी कोणी सुट्टी टाकणार नाही, वकील करणार नाही. पण साडेअठराशे रुपये एक लाख ग्राहकांनी सोडून दिले तर साडेअठरा कोटी होतात. तुझ्या एकट्याच्या खिशातून बघितलं तर किरकोळ, कंपनीच्या वहीत बघितलं तर मोठी कमाई. ती कमाई तू कष्टाने मिळवलेल्या पगारातून होते आहे, आणि तिच्या बदल्यात तुला कोणतीही सेवा मिळालेली नाही. म्हणून रकमेचा आकार बघून गप्प बसायचं हा हिशेब मला मान्य नाही.

आता ओरडण्याबद्दल. फोनवर जो मुलगा होता तो तुझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान असेल. १९९७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने गुरुग्रामला आपलं बॅक ऑफिस सुरू केलं, आणि बघता बघता कॉल सेंटरची ही कामं एनसीआरभर पसरली. आमच्या गल्लीतली किती मुलं-मुली रात्री कॅबने गुरुग्रामच्या उद्योग विहारला जायची आणि सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी परत यायची, ते मी पाहिलं आहे. त्यांच्या डोक्यावर घड्याळ असतं. एक कॉल किती मिनिटांत संपवला यावर त्यांचं मूल्यमापन होतं. समोरच्या स्क्रीनवर जे लिहिलेलं असतं त्यापलीकडे त्यांच्या हातात काही नसतं. डिपॉझिट परत करायचा अधिकार त्या मुलाला कोणी दिलेलाच नाही. ज्यांनी तो नियम केला ते फोन उचलत नाहीत. म्हणजे तुझा सगळा राग गेला कोणाच्या वाट्याला, तर ज्याचा या कापाकापीत काडीचा हात नाही त्याच्या. पुढच्या वेळी त्याच्याशी नीट बोल. नाव विचार, तक्रारीचा डॉकेट नंबर माग, तारीख-वेळ लिहून ठेव, 'धन्यवाद' म्हण आणि फोन ठेव. त्या कॉलमधून एवढंच मिळवायचं असतं.

खरी तक्रार लेखी करायची. टेलिकॉमच्या नियमांत दोन पायऱ्या आहेत. आधी कंपनीचं तक्रार केंद्र, तिथे समाधान झालं नाही तर कंपनीचंच अपील प्राधिकरण. दोन्हीला पैसे पडत नाहीत, आणि दोन्हींचे पत्ते कंपनीच्या वेबसाइटवर द्यावेच लागतात. मेल छोटा लिही. कनेक्शन कधी घेतलं, बंद करायला कधी सांगितलं, डॉकेट नंबर काय, डिपॉझिट किती होतं, काय काय कापलं, आणि ते कराराच्या कुठल्या कलमाखाली कापलं ते कळवा, असं विचार. पंधरा दिवसांत रक्कम परत हवी असं स्पष्ट म्हण. 'तुम्ही चोर आहात' हे वाक्य कितीही खरं वाटलं तरी गाळ. उद्या ते पत्र तिसऱ्या माणसाने वाचलं तर त्याला त्यात फक्त तारखा आणि आकडे दिसले पाहिजेत.

त्यानेही झालं नाही तर १९१५. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा हा नंबर आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. ही हेल्पलाइन न्यायालय नाही, कंपनीला हुकूम देऊ शकत नाही. ती तुझी तक्रार कंपनीच्या योग्य टेबलावर पोहोचवते आणि उत्तर मागते. पण मोठ्या कंपन्यांत कित्येकदा तेवढंच पुरतं, कारण तिथे तक्रार कॉल सेंटरच्या वरच्या माणसाकडे जाते.

आणि शेवटी ग्राहक आयोग. तू म्हणालास की टेलिकॉमवाल्यांविरुद्ध ग्राहक कोर्टात जाता येत नाही असं तुझ्या ऑफिसातल्या कोणी सांगितलं. ते जुनं झालं. २००९ च्या एका निकालामुळे खरंच तशी अडचण होती. पण अहमदाबादच्या एका ग्राहकाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. त्यांना महिन्याला साधारण ५५५ रुपये बिल यायचं, आणि २०१३ च्या अखेरीस एका महिन्याचं बिल आलं २४,६०९ रुपये ५१ पैसे. कंपनी, म्हणजे व्होडाफोन आयडिया, हेच म्हणत होती की ग्राहक मंचाला हा अधिकारच नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने तो मुद्दा फेटाळला. टेलिकॉमचा ग्राहकही ग्राहक आहे आणि त्याला आयोगाचं दार उघडं आहे, हा आता देशाचा कायदा आहे.

दार कुठलं, हेही ऐक. तू राहतोस उत्तर प्रदेशात, नोकरी करतोस हरियाणात, आणि कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय आहे दिल्लीत. एनसीआरमध्ये माणसाचा एक दिवस तीन राज्यांत जातो आणि प्रत्येक कार्यालय म्हणतं, हे आमच्या हद्दीत नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात साधारणपणे कंपनी जिथे असेल किंवा प्रकार जिथे घडला असेल तिथे जावं लागायचं. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने ग्राहकाला स्वतः राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करण्याची मुभा दिली. म्हणजे नोएडाचं गौतम बुद्ध नगर, गुरुग्राम किंवा दिल्ली, तुला सोयीचं असेल ते निवड. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी शून्य आहे. वकील लागतोच असं नाही. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल होते.

एवढं सगळं सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर उद्या म्हणशील आत्याने सोपं करून सांगितलं. कायदा म्हणतो, ज्यात प्रयोगशाळेची तपासणी लागत नाही अशी प्रकरणं तीन महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात वर्षं जातात. मथुरेच्या एका वकिलांकडून १९९९ च्या डिसेंबरात रेल्वेच्या तिकीट खिडकीवर मुरादाबादच्या दोन तिकिटांचे सत्तरऐवजी नव्वद रुपये घेतले. ते ग्राहक मंचात गेले. शंभरावर तारखा पडल्या आणि निकाल लागला ऑगस्ट २०२२ मध्ये: वीस रुपये, त्यावर दरसाल १२ टक्के व्याज, आणि १५ हजार रुपये. त्या गृहस्थांच्या चिकाटीपुढे मी हात जोडते. पण वीस रुपयांच्या न्यायाला बावीस वर्षं लागावीत ही शासनाला लाज वाटावी अशी गोष्ट आहे, आणि मोठ्या कंपन्यांचा खरा भरवसा कायद्याच्या पळवाटांपेक्षा या विलंबावर असतो, असं माझं ठाम मत आहे. तुझं प्रकरण तिथवर जाऊ नये म्हणूनच आधीचा लेखी व्यवहार पक्का असायला हवा. पुरावे व्यवस्थित लावलेलं पत्र पाहिलं की बहुतेक कंपन्यांना तडजोड स्वस्त वाटते.

ब्रॉडबँडचं झालं. आता रोजचं. रात्री दहाला तू ॲपवरून दूध-ब्रेड मागवतोस तेव्हा शेवटच्या पानावर हँडलिंग चार्ज, छोट्या ऑर्डरचा चार्ज, पाऊस असेल तर पावसाचा चार्ज दिसतो ना? स्विगी आणि झोमॅटो यांनी २०२३ मध्ये प्लॅटफॉर्म फी लावली तेव्हा ती दोन रुपये होती. दोन रुपयांना कोण हरकत घेणार! मग ती वाढत गेली. शुल्क लावायला माझा विरोध नाही. सामान घेऊन येणाऱ्या मुलाला पैसे मिळायलाच हवेत. पण जी किंमत घ्यायची ती पहिल्या पानावर सांगा. निवड करून, पत्ता टाकून, भूक लागलेली असताना शेवटच्या पायरीवर ती वाढवू नका. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात अशा १३ क्लृप्त्या नावानिशी दिल्या आहेत. किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं त्यात आहे, न विचारता टोपलीत विमा किंवा देणगी टाकणं आहे, आणि सदस्यत्व घ्यायला एक बटण व सोडायला दहा पानं ठेवणं हेही आहे. आधीच टिक केलेला चौकोन तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनीच बंद केला आहे. त्याच नियमांनी तक्रार अधिकाऱ्याचं नाव जाहीर करणं, ४८ तासांत तक्रारीची पोच देणं आणि महिन्याभरात तिचा निकाल लावणं बंधनकारक केलं आहे. जून २०२५ मध्ये सरकारने कंपन्यांना आपल्याच ॲपची तपासणी आपणच करायला सांगितलं. मला हे अपुरं वाटतं. बाहेरच्या माणसाने तपासल्याशिवाय यातलं काही हलणार नाही. पण तुझ्या फोनवर असा प्रकार दिसला तर स्क्रीनशॉट काढून ठेव, तो पुरावा आहे.

तक्रारींचा उपयोग होतो का, असं विचारशील. होतो. ओला या टॅक्सीच्या ॲपवर परतावा मागितला की फक्त पुढच्या प्रवासाचं कूपन मिळायचं. हेल्पलाइनवर आलेल्या तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आदेश दिला की पैसे बँकेत हवेत की कूपन हे ग्राहक ठरवेल. हॉटेलच्या बिलात आपोआप येणारा सर्व्हिस चार्ज बघ. प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो सक्तीने लावायला मनाई केली, हॉटेल संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ ला न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी त्यांच्या याचिका प्रत्येकी एक लाख रुपये खर्चासह फेटाळल्या. त्यावर अपील झालं आहे. तरीही कॅनॉट प्लेसमध्ये मित्रांसोबत बसलास आणि बिलात तो दिसला तर काढून द्या म्हणून शांतपणे सांग. मित्रांसमोर कंजूष दिसू ही भीती बाळगू नकोस. वेटरला द्यायचे ते हातात दे.

बँकेचं थोडक्यात सांगते. क्रेडिट कार्ड बंद करायची विनंती केल्यावर, बाकी काही देणं नसेल तर, सात कामाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं. नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये तुला द्यावे लागतात, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेने तीस दिवसांत तक्रार सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तेही मोफत आहे. आणि नोएडाच्या सोसायटीतला तुझा प्रीपेड मीटर नीट बघ. तिकडच्या बऱ्याच इमारतींत वीज, जनरेटर आणि मेंटेनन्स एकाच रिचार्जमधून कापतात. तिन्हींचा वेगळा हिशेब लेखी माग.

आणि हे सगळं एकट्यानेच करायचं असं नाही. तुझी आजी ठाण्याला मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात होती. १९७५ मध्ये ही संस्था सुरू झाली. शेजारच्या घरांनी मिळून महिन्याचं वाणसामान एकत्र मागवायचं, वजन आणि दर्जा आपणच तपासायचा, वाटप आपणच करायचं. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं तेही त्याच सुमारास. ग्राहक कायदा आला १९८६ च्या डिसेंबरात, म्हणजे त्याआधी दहा-अकरा वर्षं आपल्याकडच्या गृहिणी, शिक्षक, कारकून हे काम करत होते. यातले कोणीच पैशाने किंवा ओळखीने मोठे नव्हते. एकेकट्याने भांडून उपयोग नाही हे त्यांनी फार लवकर ओळखलं होतं. तूही तुझ्या सोसायटीच्या ग्रुपवर विचार, की या कंपनीने आणखी कोणाचं डिपॉझिट असंच कापलं आहे का. माझी खात्री आहे, दोन-चार नावं तरी निघतील. आयोगाच्या परवानगीने सारख्या तक्रारीचे ग्राहक मिळून एकच तक्रार करू शकतात, आणि अनेकांचं नुकसान होत असेल तर केंद्रीय प्राधिकरण स्वतःहून चौकशी करू शकतं.

कनेक्शन बंद केल्याचा मेल, डिपॉझिटची पावती आणि कंपनीचा शेवटचा हिशेब एका फोल्डरमध्ये काढ. मसुदा या रविवारी मला पाठव, मी वाचून देते. आयोगात जायला कायद्याने दोन वर्षांची मुदत आहे, पण कंपनीला द्यायचे पंधरा दिवस तू मेल पाठवल्याशिवाय सुरू होणार नाहीत.

तुझी,
आत्या