बिभा नावाचा सूर्य आणि त्याचा न दिसणारा ग्रह



सातवीला ‘तारकांच्या दुनियेत’ आणि आठवीला ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’ हे पाठ आपण दरवर्षी शिकवतो. मुलांना ते आवडतात, पण पाठ संपता संपता एखादा हात हमखास वर येतो. “सर, दुसऱ्या ताऱ्यांनासुद्धा ग्रह असतात का? आणि असले तर ते कुणी बघितलेत का?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. हो, असतात. आजवर सूर्यमालेबाहेरचे सहा हजारांच्या आसपास ग्रह सापडले आहेत. गंमत दुसऱ्या प्रश्नात आहे, कारण यातले बहुतेक ग्रह प्रत्यक्ष कुणीच बघितलेले नाहीत. मग ते आहेत हे कळलं कसं? आजचा पाठ त्यावरच आहे. उदाहरण म्हणून भारताने नाव दिलेला एक तारा घेऊ. साहित्य अगदी घरातलं लागेल : शाळूचे दोन दाणे, चिमूटभर बारीक रवा, चिमूटभर हळद आणि फुगडी घालणारी दोन मुलं.

ताऱ्याची ओळख

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेला २०१९ मध्ये शंभर वर्षं पूर्ण झाली. त्यानिमित्त प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा एक ग्रह नाव ठेवण्यासाठी देण्यात आला. भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याला तोवर नाव नव्हतं, फक्त एचडी ८६०८१ हा यादीतला क्रमांक होता. लोकांकडून नावं मागवली गेली, मतदान झालं आणि १७ डिसेंबर २०१९ रोजी निवडलेली नावं जाहीर झाली. ताऱ्याचं नाव ‘बिभा’ आणि ग्रहाचं ‘संतमस’.

ताऱ्याचं नाव सुरतच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने सुचवलं होतं, तर ग्रहाचं नाव पुण्यातल्या तेरा वर्षांच्या शाळकरी मुलाने. हे वर्गात आवर्जून सांगा. आपल्या मुलांच्याच वयाच्या एका मुलाने सुचवलेलं नाव आज जगभरच्या नोंदींत आहे.

‘बिभा’ म्हणजे आपली ‘विभा’च. बंगालीत ‘व’चा उच्चार ‘ब’ होतो. अर्थ तेज, प्रकाशाचा झोत. वर्गात एखादी विभा असेल तर तिच्यापासूनच सुरुवात करा. ‘तमस’ म्हणजे अंधार हे मुलांना माहीत असतं, त्यावरून ‘संतमस’ म्हणजे दाटून आलेला अंधार हे समजतं. ग्रहाचं वातावरण ढगाळ असावं म्हणून हे नाव सुचवलं गेलं.

बिभा हा बराचसा आपल्या सूर्यासारखा तारा आहे, किंचित मोठा आणि किंचित जास्त तापलेला. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ५,५०० अंश सेल्सिअस, बिभाचं त्याहून दोन-अडीचशे अंशांनी अधिक. अंतर सुमारे ३४० प्रकाशवर्षं.

३४० प्रकाशवर्षं म्हणजे किती लांब?

आधी एक नेहमीचा गोंधळ दूर करूया. प्रकाशवर्ष हे काळाचं माप नाही, अंतराचं आहे. प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर कापतो ते प्रकाशवर्ष, म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. फळ्यावर एवढी शून्यं लिहिली की मुलं गप्प बसतात, पण त्यांना समजलेलं नसतं. म्हणून शून्यांऐवजी दाणे घ्या.

समजा, आपला सूर्य म्हणजे शाळूचा एक दाणा आहे, साधारण पावणेचार मिलिमीटरचा. हा दाणा साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी ठेवला. आता याच प्रमाणात बाकीची मांडणी करू.

- पृथ्वी : दाण्यापासून ४० सेंटिमीटरवर, अगदी बारीक दळलेल्या हळदीचा एक कण.
- गुरू : दोन मीटरवर, बारीक रव्याचा एक कण.
- नेपच्यून : १२ मीटरवर. म्हणजे आपली सगळी ग्रहमाला शाळेच्या पटांगणात आरामात मावली.

आता मुलांना विचारा, “सूर्यासारखा सर्वांत जवळचा दुसरा तारा कुठे ठेवायचा?” कुणी म्हणेल गेटजवळ, कुणी म्हणेल राजवाड्यावर. खरं उत्तर आहे सांगलीत, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी! नरतुरंग तारकासमूहातला मित्र हा तारा आपल्यापासून ४.३७ प्रकाशवर्षांवर आहे, आणि या प्रमाणात ते अंतर सुमारे ११० किलोमीटर भरतं. सातारा-सांगली सरळ रेषेतलं अंतर जवळपास तेवढंच आहे. साताऱ्यात एक दाणा, सांगलीत दुसरा, आणि मध्ये उंब्रज, कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा सगळं जवळजवळ मोकळं! (सांगलीच्या अलीकडे फक्त एक मंद, लाल, सूर्याहून खूपच लहान असा मित्राचा सोबती तारा लागतो.) एसटीने हा प्रवास केलेल्या मुलाला अवकाश किती रिकामं आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग बिभाचा दाणा? तो सांगलीच्या ऐंशीपट लांब, जवळपास ८,८०० किलोमीटरवर ठेवावा लागेल. म्हणजे समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्याही पलीकडे.

इथे इतिहासाच्या तासाला जोडून घेता येईल. बिभाचा जो प्रकाश आज आपल्यापर्यंत पोचतोय, तो तिथून निघाला तेव्हा रायगडावर छत्रपती संभाजी महाराजांचं राज्य होतं. ताऱ्याकडे बघणं म्हणजे जुनं पत्र आज उघडणं.

फुगडी आणि डुलणारा तारा

आता मुख्य मुद्दा. या प्रमाणात संतमस हा बिभाच्या दाण्यापासून फक्त दीड सेंटिमीटरवर फिरणारा रव्याचा कण आहे. साताऱ्यात बसून आफ्रिकेपलीकडच्या शाळूच्या दाण्याला चिकटल्यासारखा असलेला रव्याचा कण दिसेल का? त्यातही दाणा झगझगीत पेटलेला आणि कण अंधारा. नाही दिसणार. मग शोध कसा लागला?

पटांगणात एका दणकट मुलाला आणि एका लहानखुऱ्या मुलाला फुगडी घालायला सांगा. बाकीच्यांनी फक्त मोठ्याच्या पायांकडे बघायचं. लहानगा मोठ्या वर्तुळात गरागरा फिरतो हे तर दिसतंच, पण मोठासुद्धा एका जागी थांबत नाही. तोही छोट्याशा वर्तुळात फिरतो, कारण लहानगा त्याला ओढत असतो. आता मुलांना सांगा, “समजा अंधार आहे, लहानगा काळ्या कपड्यांत आहे आणि मोठ्याच्या हातात कंदील आहे. तुम्हाला फक्त डुलणारा कंदील दिसतोय. काय ओळखाल?” उत्तर मुलंच देतील : “त्याचा हात कुणीतरी धरलाय!”

ग्रहांचा शोध असाच लागला. आपण शिकवताना सहज म्हणून जातो की तारा स्थिर असतो आणि ग्रह त्याच्याभोवती फिरतात. हे वाक्य थोडं सुधारून सांगूया. तारा आणि ग्रह दोघंही त्यांच्या सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात. तारा जड म्हणून त्याचं फिरणं अगदी थोडं. पण ते थोडंसं डुलणं नसतं, तर संतमसचा पत्ता आपल्याला लागलाच नसता.

हे डुलणं मोजायचं कसं? रेल्वे फाटकाजवळ उभं राहिलेल्या मुलाला हे माहीत असतं. पुणे-मिरज मार्गावरची गाडी जवळ येताना तिची शिट्टी बारीक, चढ्या स्वरात ऐकू येते आणि गाडी पुढे गेली की स्वर एकदम उतरतो. प्रकाशाचंही तसंच. तारा आपल्याकडे सरकला की त्याच्या प्रकाशातल्या वर्णरेषा किंचित निळ्या बाजूला सरकतात, लांब गेला की तांबड्या बाजूला. यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात. संतमसच्या ओढीने बिभाचा वेग सेकंदाला सुमारे २०० मीटरने कमी-जास्त होतो, म्हणजे जवळपास प्रवासी विमानाचा वेग. प्रकाशाच्या वेगापुढे हे काहीच नाही. वर्णरेषा सरकतात त्या दहा लाखात एका भागाहूनही कमी. तरीही शास्त्रज्ञांनी ते मोजलं आणि २००६ मध्ये या ग्रहाचा शोध जाहीर झाला.

याच पद्धतीने १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह शोधला होता. त्यासाठी त्यांना २०१९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. आपल्याकडेही अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबूच्या दुर्बिणीवरून ताऱ्याचं असंच डुलणं मोजून २०१८ मध्ये एका ग्रहाची निश्चिती केली.

संतमसवर काय आहे?

संतमसला बिभाभोवती एक फेरी मारायला फक्त २.१४ दिवस लागतात. आपल्याकडे सोमवारी सकाळी सुरू झालेलं तिथलं ‘वर्ष’ बुधवारी दुपारच्या आत संपतं! त्याचं वस्तुमान गुरूच्या निदान दीडपट आहे, आणि ताऱ्यापासूनचं अंतर सुमारे ५० लाख किलोमीटर. आपला बुध सूर्यापासून ५ कोटी ८० लाख किलोमीटरवर आहे, यावरून किती जवळ ते बघा. अर्थातच तापमान हजार अंशांच्या कितीतरी वर. “तिथे माणसं राहत असतील का?” हा प्रश्न येणारच. उत्तर मुलांनाच काढू द्या. पाणी कोणत्या तापमानाला उकळतं हे त्यांना येतं.

ज्या बिभांचं नाव दिलं, त्या कोण?

हा भाग वेळ नाही म्हणून गाळू नका, ही विनंती.

बिभा चौधुरी यांचा जन्म १९१३ मध्ये कोलकात्याचा. बोस संस्थेत देवेंद्रमोहन बोस यांच्यासोबत त्यांनी वैश्विक किरणांवर काम केलं. दार्जिलिंगसारख्या उंच ठिकाणी त्या छायाचित्रणाच्या काचपट्ट्या ठेवत. अवकाशातून येणारे अतिसूक्ष्म कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण काचपट्टीवर रेघ उमटवून जातात. त्या रेघा सूक्ष्मदर्शकाखाली मोजून कणाचं वस्तुमान ठरवायचं, हे त्यांचं काम. कण गेला, रेघ राहिली. ग्रह दिसला नाही, ताऱ्याचं डुलणं दिसलं. पद्धतीमागचा विचार एकच आहे, बघा.

त्यांचे निबंध १९४० च्या सुमारास ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पण दुसऱ्या महायुद्धामुळे भारतात अधिक चांगल्या काचपट्ट्या मिळेनात आणि काम अडलं. पुढे इंग्लंडमध्ये सेसिल पॉवेल यांनी सुधारित काचपट्ट्या वापरून पाय-मेसॉन हा कण शोधला आणि १९५० चं नोबेल त्यांना मिळालं. बिभा चौधुरी यांनी मँचेस्टरला पीएच.डी. केली आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलं. त्या तिथल्या पहिल्या महिला संशोधक. नंतर अहमदाबादच्या त्याच भौतिक संशोधन प्रयोगशाळेतही त्यांनी काम केलं. १९९१ मध्ये त्या गेल्या. हयातभर संशोधन करूनही त्यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांपर्यंत फारसं पोचलं नाही. ताऱ्याला नाव मिळाल्यावर पुष्कळांनी ते पहिल्यांदा ऐकलं.

बिभा कुठे शोधायचा?

एप्रिलच्या सुरुवातीला रात्री नऊ-साडेनऊला जवळजवळ डोक्यावर सिंह राशीतला मघा हा ठळक तारा दिसतो. तिथून दक्षिणेकडे हात लांब करून दीड मूठ अंतर मोजा. त्याच भागात थोडं पश्चिमेला वासुकीतला एकटा नारिंगी तारा आहे. बिभा या दोघांच्या मधल्या अंधुक पट्ट्यात आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही, छोट्या दुर्बिणीतून ठिपका दिसेल. माण-खटाव किंवा आटपाडी-जतकडच्या शिक्षकांनी हे नक्की करून बघावं. आकाशाचा अंधार ही तुमच्याकडची खरी संपत्ती आहे. दुर्बीण नसली तरी मुलांना जागा दाखवा आणि सांगा, “तिथे एक सूर्य आहे, त्याचं नाव आपण ठेवलंय.”

स्वाध्याय

१. तुमचं वय संतमसच्या वर्षांत काढा. (दहा वर्षांचं मूल तिथे सुमारे १,७०० वर्षांचं होईल!)
२. साताऱ्याच्या दाण्यापासून निघालेला प्रकाश सांगलीला पोचायला ४.३७ वर्षं लागतात. मग या मांडणीत तो रोज किती मीटर सरकतो? (उत्तर : सुमारे ७० मीटर)
३. प्रत्यक्ष न दिसणारी, पण खुणेवरून ओळखता येणारी घरातली किंवा शेतातली पाच उदाहरणं लिहा.

तिसरा प्रश्न पालकांनी घरी मुलांसोबत बसून सोडवावा. हललेलं पान पाहून वारा, बांधावरची पावलं पाहून रात्री येऊन गेलेलं जनावर, कोमेजलेली पानं पाहून मुळाला लागलेली कीड. मुलं अशी पाच नाही, पन्नास सांगतील. ‘दिसत नाही म्हणजे नाही’ असं म्हणून न थांबता खूण शोधायची, ती मोजायची आणि मगच बोलायचं, एवढी सवय लागली तरी या पाठाचं काम झालं. ग्रहांची नावं पाठ झाली नाहीत तरी चालतील.